कोलेस्टेरॉलचे औषध आणि दिवसांचा हिशेब

रुग्णाने औषध घेण्यास प्रारंभ केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गुण केव्हा येणार? ज्वर असेल तर अंगाचा दाह उतरल्यावर, अतिसार असेल तर वेग थांबल्यावर त्याचे उत्तर त्याला आपोआप मिळते. वैद्याने काही सांगण्याची गरज उरत नाही. वाढलेल्या कोलेस्टेरॉलची गोष्ट निराळी आहे. तेथे वेदना नाही, अरुची नाही, निद्रानाश नाही. विकाराचे बहुधा एकमेव लक्षण प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेले असते आणि औषधाचा गुणही त्याच कागदावर वाचावा लागतो. साहजिकच, रक्त कोणत्या दिवशी काढले यावर त्या कागदाचा सारा अर्थ अवलंबून राहतो. आमच्या मते आपल्या व्यवसायात या दिवसांचा हिशेब पुरेशा काटेकोरपणे ठेवला जात नाही. त्याचा फटका प्रथम रुग्णाला बसतो आणि मागाहून आपल्या औषधांच्या नावाला.

आयुर्वेदाच्या नियतकालिकात स्टॅटिनची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु चाळिशी उलटलेला, मधुमेह वा रक्तदाब असलेला रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत पुष्कळदा स्टॅटिनची गोळी असतेच. ती दुसऱ्या कोणी लिहून दिलेली असते, केव्हा सुरू झाली हे त्याला नीट आठवत नाही, आणि ती एकदाची बंद व्हावी अशी त्याची मनोमन इच्छा असते. किंबहुना त्या इच्छेनेच तो आपल्याकडे आलेला असतो. अशा रुग्णापुढे बसलेल्या वैद्याला त्या गोळीचा काल ठाऊक नसेल, तर आपल्या गुग्गुळाचा कालही त्याला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

म्हणून प्रथम त्या गोळीचाच विचार करू. स्टॅटिन वर्गातील औषधे यकृतात कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या एका विकराला रोखतात. यकृताला कोलेस्टेरॉल तर हवेच असते. आतील निर्मिती घटली की यकृत आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एल.डी.एल. टिपून घेणारे ग्राहक वाढविते आणि रक्तातील एल.डी.एल. ओढून घेऊ लागते. एल.डी.एल. कणाचे रक्तातील वास्तव्य मुळातच थोड्या दिवसांचे असल्यामुळे आवक-जावकीचा नवा समतोल लवकर साधतो. अॅटोर्व्हास्टॅटिनचा परिणाम दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि चार आठवड्यांत बहुधा पूर्णत्वास जातो. रोसुव्हास्टॅटिनच्या बाबतीत पूर्ण परिणामापैकी सुमारे ९० टक्के भाग पहिल्या दोन आठवड्यांतच पदरात पडतो. आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणारे एझेटिमाइब घ्या. त्यालाही दोनच आठवडे पुरतात. त्यानंतर तीच मात्रा तितक्याच निष्ठेने घेत राहिले तरी आकडा आणखी उतरत नाही. तो तेथे टिकून राहतो, एवढेच. मात्रा दुप्पट केली तर एल.डी.एल. आणखी सुमारे ६ टक्के उतरते. अॅटोर्व्हास्टॅटिनच्या १० मि.ग्रॅ. मात्रेने सरासरी ३९ टक्के, तर ८० मि.ग्रॅ. मात्रेने सरासरी ६० टक्के घट होते. म्हणजे आठपट मात्रेला जेमतेम दीडपट गुण! अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ च्या मार्गदर्शिकेत औषध सुरू केल्यावर वा मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी रक्त तपासावे आणि पुढे दर ३ ते १२ महिन्यांनी तपासत जावे असे सांगितले आहे, त्यामागे हेच गणित आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यावयास सांगतात, कारण कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक होते आणि हे औषध शरीरात अल्पकाळ टिकते. अॅटोर्व्हास्टॅटिनचा प्रभाव दीर्घकाळ टिकत असल्याने ते दिवसाच्या कोणत्याही वेळी चालते. औषधकालाचा सूक्ष्म विचार करणाऱ्या आपल्या परंपरेला निशाकालाचे हे प्रयोजन पटण्यास अडचण पडू नये.

इथपर्यंतचा हिशेब रक्तातील आकड्याचा झाला. परंतु आकडा उतरविणे हे काही साध्य नव्हे. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात टाळणे हे साध्य आहे, आणि त्याला लागणारा काळ सर्वस्वी वेगळा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीचे उदाहरण घ्यावे. हृद्रोग झालेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन व निम्म्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांनी निष्क्रिय गोळीच्या गटात २५६, तर सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२ मृत्यू झालेले आढळले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. हा फरक पहिल्या वर्षी जवळजवळ दिसत नव्हता. वर्षभरानंतर तो उमटू लागला आणि पुढे वाढत गेला. २००५ मध्ये १४ चाचण्यांतील ९०,०५६ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हाही हेच चित्र दिसले. एल.डी.एल. सुमारे ३९ मि.ग्रॅ.ने उतरविले असता हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या आपत्ती साधारणतः पाचवा हिस्सा कमी होतात. पहिल्या वर्षी हा लाभ थोडा असतो, नंतर तो ठळक होतो. सारांश, आकडा महिन्यात उतरतो आणि धमनीचे रक्षण वर्षानुवर्षे होत राहते. हे दोन काल रुग्णाच्या मनात एक झाले की सारा घोटाळा सुरू होतो. ‘दोन महिने गोळ्या घेतल्या, रिपोर्ट नॉर्मल आला, आता थांबवतो’ असे म्हणणाऱ्या रुग्णाने पहिला काल पुरा केलेला असतो आणि दुसऱ्याची नुकतीच सुरुवात झालेली असते. यात सगळा दोष त्याचा नाही. गोळी लिहून देणाऱ्याने ‘आता ही जन्मभर’ एवढेच म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारली असेल, तर त्याने तरी काय समजावे?

औषध थांबविल्यावर काय होते तेही पाहावे. यकृताचे विकर पुन्हा मोकळे होते आणि काही आठवड्यांतच एल.डी.एल. पूर्वीच्या ठिकाणी परत येते. ज्या वेगाने उतरले, साधारण त्याच वेगाने ते चढते. रुग्णाला मात्र काहीच जाणवत नाही, त्यामुळे औषध सोडल्याने काही बिघडले नाही असा त्याचा समज होतो. नुकताच झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसविलेल्या रुग्णाने स्टॅटिन मध्येच सोडणे विशेष धोक्याचे असते. आपल्या चिकित्सालयात बसून ‘ती गोळी आता बंद करा’ असे चार शब्द उच्चारणे सोपे आहे. त्या शब्दांचा परिणाम वर्षा-दोन वर्षांनी आपल्या दृष्टीआड होतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गृहस्थांचे एल.डी.एल. १६० आहे. फिजिशियनने अॅटोर्व्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ. सुरू केले. तीन आठवड्यांनी, कोणाच्या तरी सांगण्यावरून, ते वैद्यांकडे आले. वैद्यांनी गोळी तशीच ठेवून गुग्गुळकल्प जोडला व पथ्य सांगितले. पुढे तीन आठवड्यांनी रक्त तपासले तेव्हा एल.डी.एल. ९८ निघाले. रुग्ण हर्षित, वैद्यही प्रसन्न. गुग्गुळाला यश आले असे समजून स्टॅटिन बंद करण्यात आले. महिनाभराने आकडा १५५. आता वैद्य म्हणतात, पथ्य मोडले असणार; फिजिशियन म्हणतात, आयुर्वेदाने फसविले; आणि रुग्ण दोघांनाही सोडून तिसऱ्या कोणाकडे जातो. या उदाहरणात कोणीही लबाडी केलेली नाही. १६० वरून ९८ ही घट त्या १० मि.ग्रॅ. मात्रेने जितकी अपेक्षित होती तितकीच आहे, आणि तिचा बहुतांश भाग गुग्गुळ सुरू होण्यापूर्वीच होऊन गेला होता. गुग्गुळ सुरू करण्याच्या दिवशी एकदा रक्त तपासले असते तर हे तेव्हाच उघड झाले असते. एका तपासणीच्या खर्चात रुग्ण, गुग्गुळ आणि वैद्य या तिघांचीही अब्रू राहिली असती.

तपासणीच्या कागदावर तरी डोळे मिटून किती विसंबावे? एकाच माणसाचे कोलेस्टेरॉल, आहार-विहार न बदलताही, आज आणि पुढच्या आठवड्यात ५ ते १० टक्क्यांनी वेगळे येऊ शकते. २२० चे २०८ झाले म्हणून औषधाला श्रेय देणे किंवा २०८ चे २२० झाले म्हणून दोष देणे, दोन्ही व्यर्थ. तीव्र ज्वर, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यांनंतर कोलेस्टेरॉल काही आठवडे खोटेच उतरलेले असते. त्या काळात सुरू केलेल्या कोणत्याही औषधाला यश आल्यासारखे दिसेल. पुष्कळ प्रयोगशाळा एल.डी.एल. प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर १९७२ पासून रूढ असलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावयाचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. आदल्या रात्रीच्या लग्नाच्या जेवणाने ट्रायग्लिसराइड फुगले असेल तर एल.डी.एल.चा आकडाही त्याबरोबर सरकतो. शिवाय कागदाच्या उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सर्वांसाठी एकच असते, रुग्णाची मर्यादा मात्र त्याच्या जोखमीनुसार बदलते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अतिजोखमीच्या रुग्णाचे एल.डी.एल. ५५ च्या खाली असावे असे म्हटले आहे. वर सांगितलेल्या गृहस्थांना स्टेंट बसविलेला असता तर त्यांचे ९८ हे यशही अपुरेच ठरले असते.

आता आपल्या गुग्गुळाकडे वळू. या द्रव्याचा आधुनिक इतिहास अभिमानास्पद आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले व १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने गुग्गुळाचा अर्क ‘गुग्गुलिपिड’ या नावाने विकसित केला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे अमेरिकेत पहिले स्टॅटिन मान्य झाले (१९८७) त्याच सुमारास, तो आपल्याकडे बाजारात आला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात २०५ रुग्णांना ५०० मि.ग्रॅ. गुग्गुलिपिड दिवसातून तीनदा १२ आठवडे देण्यात आले आणि ७० ते ८० टक्के रुग्णांत अनुकूल परिणाम नोंदविला गेला. १९९४ मध्ये ६१ रुग्णांवरील अभ्यासात २४ आठवड्यांनी एल.डी.एल. सुमारे साडेबारा टक्क्यांनी उतरले. औषध थांबवून १२ आठवडे गेल्यावर ते पुन्हा चढले. या शेवटच्या वाक्याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. गुग्गुळाने विकार ‘मुळापासून’ जातो व मग औषध लागत नाही, असे जे आपण सहज बोलून जातो, त्याला या अभ्यासातून पुष्टी मिळत नाही.

त्यानंतर २००३ मध्ये फिलाडेल्फियातील चाचणीचे निष्कर्ष आले. १०३ प्रौढांना आठ आठवडे गुग्गुलिपिड वा निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळीच्या गटात एल.डी.एल. ५ टक्क्यांनी उतरले. गुग्गुलिपिडच्या दोन्ही गटांत ते ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आपल्या वर्तुळात या चाचणीला तीन उत्तरे दिली जातात. पहिले, त्यांचा आहार निराळा. दुसरे, त्यांची प्रकृती निराळी. तिसरे, तो शास्त्रोक्त शोधित गुग्गुळ नव्हता, रासायनिक द्रावकाने काढलेला अर्क होता. तिसऱ्या उत्तरात तथ्य आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु मग १९८९ च्या अभ्यासातही अर्कच होता. अनुकूल निष्कर्ष आला की तो आपल्या मेदोहर गुग्गुळाच्या वटीला लावावयाचा, आणि प्रतिकूल आला की ‘तो अर्क होता’ म्हणून झटकून टाकावयाचा, हे तर्कशास्त्रात बसत नाही. खरे पाहता, त्रिफळाक्वाथात शोधन केलेल्या गुग्गुळाची, विशिष्ट मात्रेत, विशिष्ट अनुपानासह, किती आठवड्यांनी एल.डी.एल.वर किती परिणाम होतो, या प्रश्नाला या दोन्हींपैकी एकाही अभ्यासाने उत्तर दिलेले नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे, फिलाडेल्फियाची नव्हे.

‘आयुर्वेदीय औषध सावकाश काम करते’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या ओठांवर असते. आम्हांस ते सहसा उत्तर वाटत नाही, उत्तर टाळणे वाटते. सावकाश म्हणजे किती? सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष? ज्या विधानाला मुदत नाही ते कधीच खोटे ठरत नाही आणि म्हणून रुग्णाच्या उपयोगाचेही राहत नाही. आपल्या शास्त्राला काल मोजण्याचे वावडे आहे असेही नाही. सुश्रुतांनी रसधातू एकेका धातूत किती कला राहतो याचा आकडा दिला आहे आणि रसापासून शुक्रापर्यंतचा प्रवास महिन्याभराचा सांगितला आहे. (या हिशेबाने मेदापर्यंतचा काल साधारण पंधरा-वीस दिवसांचा येतो आणि त्याची सांगड स्टॅटिनच्या दोन आठवड्यांशी घालण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा, अशी आमची विनंती आहे. असल्या जुळणीने सभेत टाळ्या मिळतात, रुग्णाला काही मिळत नाही.)

तसेच, कोलेस्टेरॉल म्हणजे मेदोधातू असे समीकरणही सरसकट मांडता येत नाही. चरकांनी अष्टौनिंदितीय अध्यायात वर्णिलेला अतिस्थूल पुरुष आणि वाढलेले एल.डी.एल. असलेला रुग्ण हे प्रत्येक वेळी एकच नसतात. कृश, मिताहारी, नित्य चालणाऱ्या माणसाचेही एल.डी.एल. १९० च्या वर असू शकते. अशा वेळी घराण्यातून आलेल्या दोषाची शंका घ्यावी. साधारणतः अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. टाचेच्या वरच्या स्नायुरज्जूवर गाठ लागते का ते हाताने पाहावे आणि त्याच्या भावंडांचे व मुलांचेही रक्त तपासावयास सांगावे. अशा रुग्णाला केवळ लंघन, उद्वर्तन आणि यवान्न सांगून सहा महिने थांबविणे म्हणजे त्याचे सहा महिने वाया घालविणे होय.

याउलट आपल्या चिकित्सेचे खरे बलस्थान जेथे आहे तेथे आपण ते पुरेसे वापरीत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व महाराष्ट्राचा समावेश असलेल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वाढलेल्या एल.डी.एल.चे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास, वाढलेल्या ट्रायग्लिसराइडचे सुमारे ३० टक्के आणि कमी एच.डी.एल.चे ७२ टक्के आढळले. म्हणजे आपल्याकडचा बहुसंख्य रुग्ण ट्रायग्लिसराइड आणि एच.डी.एल.चा आहे, आणि त्याचे मूळ मैदा, साखर, मद्य, दिवास्वाप आणि बैठा व्यवसाय यांत आहे. ट्रायग्लिसराइड पथ्याला फार लवकर दाद देते. मद्य व गोड थांबविले की थोड्या आठवड्यांतच फरक दिसतो. एच.डी.एल. मात्र व्यायामानेही महिनोन्‌महिने घेऊन किंचितच वर सरकते. पथ्यासाठी सहा आठवड्यांनी आणि व्यायामासाठी सहा महिन्यांनी कागद पाहावा, असे रुग्णाला आधीच सांगून ठेवले तर त्याचा धीर सुटत नाही.

इतर द्रव्यांविषयी थोडक्यात. लसणावर स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या २००७ च्या चाचणीत १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण वा त्याच्या गोळ्या देऊनही एल.डी.एल.मध्ये लक्षणीय फरक पडला नाही. सहा महिने ही मुदत अपुरी होती असे कोणी म्हणू शकणार नाही. इसबगोल नित्य दहा ग्रॅमच्या आसपास घेतल्यास एल.डी.एल. पाच ते दहा टक्के उतरते, स्टॅटिनबरोबरही उतरते, आणि त्याचा खर्च नगण्य आहे. मात्र इतर औषधे आणि इसबगोल यांच्यामध्ये काही तासांचे अंतर ठेवावे.

औषधालय-चालक बांधवांशीही दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. ‘३० दिवसांत कोलेस्टेरॉल नियंत्रणात’ अशी पाटी दुकानात लावण्यापूर्वी ते ३० दिवस कोठून आले हे आपण उत्पादकाला विचारले आहे काय? हृद्रोग व स्थौल्य बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मज्जाव आहे, हे आपण जाणताच. ‘लाल यीस्टचा तांदूळ’ असलेली परदेशी कॅप्सूल कोणी वनस्पतिजन्य व निर्धोक म्हणून विकू लागला तर सावध राहावे. तिच्यातील मोनॅकोलिन-के हे लोव्हास्टॅटिनच आहे. रुग्ण आधीच स्टॅटिन घेत असेल तर त्याच्या पोटात दोन स्टॅटिने जातील, आणि गुणाचे श्रेय तांदळाला मिळेल. गुग्गुळ खरेदी करताना तो नवा की जुना, हेही विचारावे. नवा गुग्गुळ बृंहण आणि जुना लेखन, हे भावप्रकाशातील मत आपण सर्वांनी शिकलेलो आहोत. तरीही वटीच्या वेष्टनावर गोळ्या बांधल्याची तारीख असते, निर्यास काढल्याची क्वचितच. कच्छ-राजस्थानातील हे झुडूप आज अस्तंगत होण्याच्या मार्गावर आहे आणि बाजारात भेसळ भरपूर आहे. अशा मालाने बारा आठवड्यांतही गुण आला नाही तर दोष काळाचा नसून मालाचा असेल.

गुग्गुळ व आधुनिक औषधे एकत्र देताना आणखी एक सावधगिरी हवी. १९९४ मध्ये मुंबईत झालेल्या अभ्यासात गुग्गुलिपिडबरोबर घेतलेल्या डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे आढळले. हृद्रोग्याच्या पिशवीत याच गोळ्या असण्याचा संभव असतो. म्हणून पिशवी रिकामी करून सर्व गोळ्या पाहिल्यावाचून गुग्गुळ लिहू नये.

स्टॅटिनमुळे अंग दुखते, ही तक्रार आपल्याकडे फार येते आणि तेथेही दिवस मोजण्याचा उपयोग होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी स्नायूंच्या दुखण्याची तक्रार केली. जो थोडा अधिक त्रास स्टॅटिनमुळे होता तो मुख्यतः पहिल्या वर्षातला. तेव्हा चार वर्षे गोळी सुखाने घेणाऱ्याचे गुडघे या पावसाळ्यात दुखू लागले तर गोळीला दोषी धरण्यापूर्वी संधिवाताचा विचार करावा. गोळी सुरू होऊन महिना-दोन महिन्यांत दोन्ही मांड्या व खांदे दुखू लागले तर मात्र ती तक्रार गंभीरपणे घ्यावी, रुग्णाला गोळी देणाऱ्याकडे परत पाठवावे. मात्रा कमी करून वा औषध बदलून बहुतेकांचे भागते. दुखण्याबरोबर अशक्तता आणि काळसर मूत्र असेल तर तैलाभ्यंगात वेळ घालवू नये, त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.

आमची सूचना अगदी साधी आहे. कोलेस्टेरॉलच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तीन तारखा ठळक लिहाव्यात : सध्याचे आधुनिक औषध केव्हा सुरू झाले वा त्याची मात्रा केव्हा बदलली, आपले औषध केव्हा सुरू झाले, आणि रक्त केव्हा काढले. आपले औषध सुरू करण्यापूर्वी एकदा, आणि नंतर १२ आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, शक्यतो बारा तासांच्या उपाशीपोटी तपासणी करावी. दरम्यान स्टॅटिनला हात लावू नये. ते कमी करावयाचे असेल तर ते लिहून देणाऱ्याशी पत्राने वा दूरध्वनीने बोलून करावे, आणि कमी केल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावे. १२ आठवड्यांनी एल.डी.एल. दहा टक्क्यांहूनही कमी उतरले असेल तर या रुग्णात या औषधाचा गुण दिसला नाही असे त्याला स्पष्ट सांगावे. असे सांगितल्याने रुग्ण जातो, ही भीती आम्हांस निराधार वाटते. आणि गेलाच, तर निदान योग्य औषधाकडे जातो.

जिल्हा शाखांनी अशा केसपेपरांच्या, रुग्णाचे नाव वगळून केलेल्या, प्रती वर्षभर जमविल्या तरी पुरेसे आहे. शंभर रुग्णांच्या तीन-तीन तारखा आणि दोन-दोन आकडे एका तक्त्यात मांडावयास एक वही पुरते. अंगावर पुरळ, यकृताची बिघडलेली तपासणी किंवा स्नायूंचा त्रास आढळल्यास त्याची माहिती आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या नजीकच्या केंद्राकडे पाठवावी, आणि त्या पत्रातही औषध सुरू केल्याचा दिवस व त्रास सुरू झाल्याचा दिवस या दोन तारखा न विसरता लिहाव्यात.